सोसायटीतली एकुलती प्रत

आमच्या सोसायटीत माझ्या कादंबरीची एकच प्रत फिरते. चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार बिऱ्हाडं आणि पुस्तक एक. डोंबिवलीत ओळखीच्या माणसाचं पुस्तक विकत घ्यायची पद्धत नाही. 'बाई, तुमची कादंबरी वाचायचीय हं,' असं लोक अगदी 'बाई, तुमचं कैरीचं लोणचं चाखायचंय हं' या सुरात म्हणतात, आणि मग आपण वाटी भरून द्यायची असते. मी ती प्रत तळमजल्यावरच्या नेनेवहिनींना दिली. तिथून ती वरवर चढत गेली. मला वाचकांचा अभिप्राय मिळायचा तो जिन्यात, दुधाची पिशवी हातात असताना.

त्याआधी मी ठाण्याला, टेंभी नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका शाळेत मराठी शिकवायचे. नवरात्र आलं की बाहेर मंडप, आत अलंकार आणि समास. पोरांचे कान बाहेरच्या ढोलाकडे असायचे, आणि खरं सांगायचं तर माझेही. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, आता काय करणार? निवृत्त शिक्षिकेला आमच्याकडे तीन वाटा असतात: घरी क्लास काढणं, भजनी मंडळ, नाहीतर अमेरिकेत जाऊन नातवंडं सांभाळणं. शिकवून घसा बसला होता, गाता कधी येतच नव्हतं आणि तिसऱ्या वाटेसाठी आधी लग्न व्हावं लागतं. म्हणून मी कादंबरी लिहिली.

कादंबरी कशी लिहितात, असं मला फार विचारलं जातं. विशेषतः ज्यांना ती वाचायची नसते, ते विचारतात. त्यात गुपित काही नाही. एकाचं नाक घ्यायचं, दुसऱ्याची चाल घ्यायची, तिसऱ्याची फोनवर ओरडून बोलायची सवय घ्यायची. घर शेजाऱ्याचं, आडनाव लांबच्या गावचं. एवढं सगळं उसनं मिळतं. दुःख तेवढं आपल्या घरचं घालावं लागतं, कारण दुसऱ्याच्या दुःखाची आपल्याला फक्त बाहेरची बाजू माहीत असते. मग सगळं ढवळून रोज सकाळी एक-दोन पानं लिहायची आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं अर्धं खोडायचं. शाळेत मी दुसऱ्यांचं खोडायचे, आता स्वतःचं खोडते. लाल पेन तेच आहे.

पण वाचकांना हे पटत नाही. शाळेत असताना मी जे सांगायचे ते पोरं, त्यांचे आईबाप, हेडमास्तर, सगळे खरं मानायचे. कादंबरी छापून आली आणि कारभार उलटा झाला. आता मी खरं सांगितलं की लोक म्हणतात, बाई रंगवून सांगतात. आणि रचून लिहिलं की म्हणतात, ही अमक्याचीच गोष्ट.

आमचे सेक्रेटरी पाटणकर एका रविवारी तक्रार घेऊनच आले. कादंबरीतल्या इमारतीची टाकी गळते, असं मी लिहिलं आहे. "आपली टाकी मागच्याच वर्षी वॉटरप्रूफ करून घेतलीय, बाई," ते म्हणाले. "उद्या कुणी फ्लॅट विकायला काढला आणि गिऱ्हाइकाने हे वाचलं तर भाव पडेल." मी म्हटलं, कादंबरी वाचून फ्लॅट घेणारं गिऱ्हाईक डोंबिवलीत आलंच तर त्याला आधी माझ्याकडे चहाला पाठवा. ते हसले नाहीत. उलट शेजारच्या वैद्यवहिनींचा रुसवा वेगळाच. "भिंतीला भिंत लागून राहतो, एक पानसुद्धा नाही आलं हो आमच्यावर," म्हणाल्या, आणि त्या वर्षी संक्रांतीला मला तिळगूळ तेवढा मिळाला, हळदीकुंकवाचं वाण नाही.

वर्षभराने ती प्रत माझ्याकडे परत आली ती केवळ एका दुपारपुरती, मुखपृष्ठ चिकटवायला. हळदीचे डाग, वाटीचा एक गोल, पानोपानी दुमडलेले कोपरे. तेवढं मी धरूनच चालले होते. पण समासांत पेन्सिलीने नावं लिहिलेली होती. कोण म्हणजे कोण, याचा सोसायटीने सार्वजनिक शोध लावला होता. कंजूष वकिलापुढे 'पाटणकर'. भांडखोर विहिणीपुढे 'नेने (मोठ्या)'. आणि ज्याच्यावर कादंबरी उभी आहे त्या भाऊसाहेबांपुढे लिहिलं होतं, 'दामले काका?' त्यातलं प्रश्नचिन्ह दुसऱ्या कुणीतरी वेगळ्या पेन्सिलीने खोडलं होतं.

मी हसले, मुखपृष्ठ चिकटवलं आणि प्रत नेनेवहिनींना परत केली. हसायला नको होतं, हे पुढच्याच आठवड्यात कळलं.

भाऊसाहेब म्हणजे कादंबरीतला बाप. त्याची एकुलती मुलगी वृंदा. तिला स्थळ आलं की भाऊसाहेबांना चक्कर येते. स्थळ गेलं की उतरते. अशी वर्षं जातात, आणि वृंदा बापाजवळ राहते ती राहतेच. एवढंच कथानक. आता आमच्या तिसऱ्या मजल्यावर दामले काका राहतात. कंपनीत हिशेब खात्यात होते, पत्नी लवकर गेली, मुलगी अश्विनी. ठाण्याला एका वकिलाच्या ऑफिसात काम करते, चाळिशीला टेकलीय. हे दिसायला जुळतं, मान्य. पण मी ती प्रकरणं लिहिली तेव्हा नुकतीच या इमारतीत आले होते. काका मला जिन्यात भेटायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे. त्यांनाही चक्कर येते, हे मला कादंबरी छापून झाल्यावर कळलं.

ते सांगितलं अश्विनीनेच. एका संध्याकाळी ऑफिसातून थेट माझ्या दारात आली, पर्स मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, तुमचा एक विद्यार्थी आहे. हरेश भोईर."

हरेश मला लख्ख आठवत होता. कोलशेतचा. घरची पूर्वी खाडीकाठी शेती नि मिठागरं, आता तिथे गाळे बांधून भाड्याने दिलेत. 'माझा आवडता पक्षी' या निबंधात अख्ख्या वर्गाने मोर लिहिला होता, जो त्यांच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. या एकट्याने खाडीतला बगळा लिहिला, चिखलात पाय कसा उचलतो त्यासकट. जमिनीच्या कागदांसाठी तो अश्विनीच्या ऑफिसात यायचा. कागद कधीच पूर्ण झाले, तरी येतच राहिला.

"मग अडलंय कुठे? जात?" मी विचारलं.

"बाबा म्हणतात, आम्ही तसलं काही मानत नाही."

"छान की."

"म्हणतात आणि त्यांना चक्कर येते." तिने पर्सचा बंद दोन-तीनदा उघडला, लावला. "आधी दोन स्थळं आली तेव्हाही असंच झालं, मावशी. डॉक्टरांना काही सापडत नाही. पण नाटक नाही हो ते, मी हात धरलेला असतो, गार पडतो. या वेळी हरेशच्या आईने सांगितलंय, रविवारपर्यंत हो की नाही ते कळवा. ती म्हणते, पोरगा किती थांबणार? तिचं काही चुकत नाही. आणि मी हरेशला सांगून ठेवलंय, बाबा पुन्हा आजारी पडले तर माझं नाही समज."

काकांशी जाऊन बोला, एवढंच तिचं मागणं होतं. शिक्षकाचं ऐकतात म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी जाते म्हटलं. काय बोलायचं ते मनात जुळवत होते, तेवढ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी काकाच आले. पायात चपला नव्हत्या. हातात सोसायटीची प्रत होती, बोट आत घालून बंद केलेली.

"बाई, हा मी आहे का?"

"बसा ना, काका."

"बसायला आलो नाही. हो की नाही, एवढंच सांगा. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलंत."

त्यांनी पान उघडून धरलं. पेन्सिलीतलं त्यांचं नाव, आणि पुढे खोडलेलं प्रश्नचिन्ह. चेहरा असा झाला होता की मला माझ्या सगळ्या शेजाऱ्यांचा मनापासून राग आला. 'नाही' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो खरा होता, आणि काकांना तो ऐकायचा होता.

भाऊसाहेब म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील. कल्याणला दोन खोल्यांत आम्ही दोघं राहायचो. मला पहिलं स्थळ आलं तेव्हा त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दुसऱ्याच्या वेळी मोरीत पडले. तिसरं स्थळ नव्हतंच, आमच्याच शाळेतले भूगोलाचे मास्तर होते, आणि ते मला आवडायचे. अण्णांनी जेवण सोडलं. चौथ्या दिवशी मीच मास्तरांना नाही म्हणून सांगितलं, आणि अण्णा आमटीभात जेवले. ते लबाड नव्हते. त्यांना खरंच दुखायचं, हे मी कादंबरीतही लिहिलंय. त्या वाक्याखाली कुणी पेन्सिलीची रेघ मारली नाही.

हे सगळं मी काकांना सांगू शकले असते. त्यांचा जीव भांड्यात पडला असता. वर जाऊन ते निवांत चहा प्यायले असते, आणि रविवारी सकाळी त्यांना चक्कर आली असती.

"काका," मी म्हटलं, "लेखकाने असं सांगायचं नसतं."

"म्हणजे मीच."

मी चहाचं आधण ठेवायला आत गेले. इतकं भित्रं उत्तर मी वर्गात एखाद्या पोराकडून ऐकून घेतलं नसतं. बाहेर आले तेव्हा काका खुर्चीत बसले होते.

"मला खरंच चक्कर येते हो, बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सगळं फिरायला लागतं. अश्विनी घरात नसली की घर कसं वाटेल असं मनात आलं तरी फिरतं. तुमच्या पुस्तकातला म्हातारा नाटकी आहे, तसा मी नाही."

"तोही नाटकी नाही. नीट वाचा, त्यालाही खरंच येते."

त्यांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. "शेवटी ती पोरगी जाते का? मी अजून तिथवर आलो नाही."

"नाही जात."

"हा मरतो तेव्हा?"

"तेव्हा तिच्या जाण्याचं वय गेलेलं असतं."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग उठले, पुस्तक काखेत मारलं. "मूर्ख आहे तुमचा भाऊसाहेब," म्हणाले आणि चहा तसाच ठेवून वर गेले.

त्या दिवसापासून काकांनी एकच ध्यास घेतला. आपण त्या पुस्तकातला म्हातारा नाही, हे सोसायटीला दाखवून द्यायचं. वॉचमनला सांगितलं, पाटणकरांना सांगितलं, इस्त्रीवाल्याने तर कादंबरीचं नावही ऐकलं नव्हतं, त्यालाही थांबवून सांगितलं. लिफ्ट चालू असताना जिन्याने चढायला लागले. आणि मुलीला न विचारता त्यांनी हरेशला फोन करून आईसकट रविवारी घरी बोलावलं. अश्विनी धावत माझ्याकडे आली. "मावशी, काय बोललात तुम्ही बाबांना?" मी म्हटलं, तुझ्या लग्नाबद्दल काहीच नाही. आणि हे अक्षरशः खरं होतं.

रविवारी मलाही वर बोलावणं होतं. माझ्या मते साक्षीदार म्हणून. हरेशची आई आली ती नारळ, पेढे आणि फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. चांगली ठसठशीत बाई, बसल्याबसल्या खोलीचा अंदाज घेणारी.

"मासली नाय आनली हां," ती काकांना म्हणाली. "घाबरू नका."

"छे छे, आम्ही तसलं काही मानत नाही," काका म्हणाले.

"मानत नाय, तर मंग पुढच्या टायमाला आनतंय."

काकांनी घाईने पेढा तोंडात टाकला. हरेश खाली मान घालून हसू दाबत होता. त्याने मला पाहून खुर्चीतून उठून 'नमस्ते, बाई' असं वर्गातल्या सुरात म्हटलं, आणि इतक्या वर्षांनी मी सवयीने 'बसा' म्हणाले.

बोलणी बरी चालली होती. लग्न ठाण्याला करायचं, साधं करायचं. मग हरेशच्या आईने सरळ विचारलं, "तुमचं कसं होयेल एकट्याचं, भाऊ? तुमी आमचेकडं या राहायला. जागा काय कमी हाय?"

काका उत्तर द्यायला उभे राहिले, का ते देव जाणे, आणि त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला. बोटं पांढरी पडली. कपाळावर घाम आला. अश्विनी अर्धी उठली. तिचा चेहरा मी पाहिला, आणि मला कळलं की तिने आत्ताच, या क्षणी, नाही म्हणायचं ठरवलंय. हा चेहरा कसा होतो ते मला आतून माहीत आहे. वाटलं, आता उठून ओरडावं, काका, तो तुम्ही नाही हो, सोडा, बसा, आणि पोरीलाही सांगावं की तू मात्र बसू नकोस. पण मी बसूनच राहिले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तक लिहिणारी बाई समोर बसलीय, सगळं बघतेय, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. माझ्यावरचा राग त्यांना तेव्हा सगळ्यात उपयोगी पडला असावा.

"काही नाही," ते म्हणाले. आवाज जरा कापला. "खुर्ची पुढे घेत होतो. अश्विनी, बस तू. पाहुण्यांशी बोल."

आणि खरंच खुर्ची पुढे ओढून बसले. डोळे मिटून दोन-चार श्वास घेतले. हरेशच्या आईच्या नजरेतून हे सुटलं असेल असं मला वाटत नाही. ती फक्त म्हणाली, "पोरी, पंखा वाढव गो जरा," आणि लग्नात किती माणसं आणायची ते बोलायला लागली. काका डोळे मिटूनच म्हणाले, "आणा हो, हवी तेवढी आणा."

लग्न झालं. दामल्यांकडची मोजकी माणसं आणि कोलशेतची सगळी. पाठवणीच्या वेळी काका ताठ उभे होते. अश्विनी गाडीत बसेपर्यंत हात हलवत राहिले, आणि गाडी वळल्यावर माझ्या दंडाला धरून कडेच्या खुर्चीपर्यंत चालत आले. "बाई," ते खाली बसत म्हणाले, "तुमच्या कादंबरीचा शेवट चुकला."

"हो, काका. चुकला."

"दुसऱ्या आवृत्तीत बदला."

मी बघते म्हटलं. मराठी कादंबरीची दुसरी आवृत्ती निघत नाही, हे त्यांना सांगून त्यांचा आनंद घालवायची ती वेळ नव्हती.

आता काका कोलशेतला अधूनमधून राहायला जातात. मासळी खातात की नाही, ते दोन्ही घरांतून मला वेगवेगळं सांगितलं जातं. चक्कर अजून येते म्हणे, पण पूर्वीसारखी मुहूर्त बघून येत नाही. आणि त्यांनी माझी कादंबरी चक्क विकत घेतली. आमच्या सोसायटीत ती विकत घेणारा हा एकच वाचक. आल्यागेल्याला ते पान उघडून दाखवतात, "हा मी. पण मी असं केलं नाही." पाटणकरांना त्याचा हेवा वाटतो, असा माझा संशय आहे.

खरा माणूस कोण, ते काकांना मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. अण्णांची गोष्ट लिहायला मला इतकी वर्षं लागली, ती छापून आली, आणि तिच्यावर नाव लागलं दामल्यांचं. याचं वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. इतक्या बारकाईने पेन्सिल चालवणाऱ्या वाचकांपैकी एकालाही वृंदाच्या नावापुढे माझं नाव लिहावंसं वाटलं नाही. त्यांच्या लेखी बाईंना असं काही झालेलंच नसावं.

अश्विनीने मात्र विचारलं. परवा माहेरी आली होती, तशी खाली माझ्याकडे आली. पाय वर घेऊन सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "मावशी, आता तरी खरं सांगा. ते बाबा नव्हते ना?"

"नव्हते."

"मग कोण होते?"

मी सांगितलं. मोरीत पडल्याचं, मास्तरांचं, आमटीभाताचं. ती ऐकत राहिली. तिने माझा हात हातात घेतला, आणि मला जरा अवघडल्यासारखं झालं, कारण माझा हात असा कुणी धरत नाही.

"तुम्ही ही कादंबरी तेव्हाच लिहिली असती," ती म्हणाली, "आणि त्यांनी ती वाचली असती, तर?"

"आमचे अण्णा कादंबऱ्या वाचत नसत," मी म्हटलं. "त्यांना त्या खोट्या वाटायच्या."